मामाच्या वजनाला लावलेली चाकं

दिंडोरीच्या अलीकडे माझ्या साडूची द्राक्षबाग आहे आणि बागेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये त्याच्या वडिलांचा ट्रक आहे. लांब नाकाचा, गोल डोळ्यांचा, आजच्या ट्रकच्या मानानं अगदीच लहान. हल्ली अशा गाडीला पिकअप म्हणतात, पण साडूसमोर तो शब्द काढायचा नसतो. मी एकदा काढला होता. त्या हंगामात आमच्या घरी द्राक्षांची पेटी आली नाही.

वडिलांनी आयुष्यभर या ट्रकमधून पंचवटीच्या बाजारात भाजी नेली. पुढं साडूनं नेली. त्याची मुलगी लहानपणी याच ट्रकमधून शाळेत गेली, कारण शाळा बाजाराच्या वाटेवर होती आणि टोमॅटोंच्या सोबत एक मूल सहज मावत होतं. घरात साडू फारसा बोलत नाही. पाणी, फवारायची पावडर आणि पाखरं या तीन विषयांत त्याचं दिवसभराचं संभाषण आटोपतं. पण ट्रकच्या केबिनमध्ये इंजिनावर आवाज चढवून तो मुलीशी शाळा येईपर्यंत अखंड बोलायचा, असं मेहुणी सांगते. काय बोलायचे पप्पा, असं मी त्या मुलीला एकदा विचारलं होतं.

"काही ऐकूच यायचं नाही, काका," ती म्हणाली. "मी आपली हो म्हणायची."

तिचं लग्न मनमाडच्या एका रेल्वेवाल्यांच्या घरात ठरलं, तेव्हा साडूनं एकच हट्ट धरला. पत्रिका, साड्या, जेवण, बँड, काय हवं ते करा. लग्नाच्या दिवशी पोरीला घरून लॉन्सवर न्यायचं ते या ट्रकमधून, आणि चालवणार मी. एवढं बोलून तो पुन्हा पाणी, पावडर आणि पाखरांकडे वळला.

अडचण एवढीच होती की ट्रक चालवणं हे आता त्याच्या खांद्यांना झेपत नव्हतं. मूळच्या ट्रकला पुढं एक सरळ लोखंडी दांडा, त्यावर पाट्यांच्या स्प्रिंगा आणि जात्यावर दळण दळावं तसं स्टिअरिंग. म्हणून त्यानं ट्रकचा पुढचा भागच बदलायचा ठरवला. जुन्या गाड्यांना बसवायचा तयार सांगाडा हल्ली मिळतो. गुंडाळीच्या स्प्रिंगा, प्रत्येक चाकाला धरणारा स्वतंत्र लोखंडी हात, डिस्क ब्रेक, पॉवर स्टिअरिंग, सगळं लाकडी खोक्यात भरून पंजाबातून आलं. वेल्डिंगवाल्यानं जुनं नाक तसंच ठेवून खालचं सगळं कापलं आणि नवं जोडलं. म्हाताऱ्याला तरुणाचे गुडघे बसवले, कंबर मात्र त्याचीच राहिली.

स्टिअरिंग एका बोटानं फिरू लागलं, हे खरं. पण ते सोडलं की ट्रक डावीकडे जायचा. किंचित वगैरे नाही. शेजाऱ्याच्या बागेशी जुनं वैर असावं, तसा ठरवून जायचा. पहिल्याच फेरीत तो शेजाऱ्याच्या ठिबकच्या नळ्यांवर चढला. मेहुणीनं पदर खोचून जाहीर केलं, "माझ्या पोरीला मी ह्या गाडीत बसू देणार नाय. हळद लावलेली पोर काय नाल्यातून काढायची का?"

दुसरी सोय तयारच होती, आणि तीच साडूला खुपत होती. आम्हा दोघांचा मेहुणा, म्हणजे आमच्या बायकांचा भाऊ आणि नवरीचा मामा, हा पुष्कळ वर्षांपासून 'भावी' आहे. चौकाचौकांत त्याचे फलक लागतात आणि त्यांवर नावाआधी भावी असतं. पुढचं पद हंगामाप्रमाणे बदलतं. त्याच्याकडे छत उघडणारी पांढरीशुभ्र गाडी आहे. तो म्हणाला, "दाजी, कशाला जीव टांगणीला लावता? भाची माझी. मामानं नवरी आणायची, हा रिवाजच हाय. माझ्या गाडीत आणतो. पुढं दोन, मागं दोन गाड्या. एंट्री अशी करू की मनमाडवाले बघत राहतील."

"मग मी कुठं बसू?" साडूनं विचारलं.

"तुम्ही मागच्या गाडीत या ना निवांत."

साडूचा चेहरा तेव्हा पाहिला असता तर दगडालाही दया आली असती. मामाला आली नाही, तो फोनवर होता.

निवाडा शेवटी नवरीनंच दिला. ती नाशिकच्या एका औषध कारखान्यात गुणवत्ता तपासणीत आहे. तिच्या सहीशिवाय गोळ्यांचा माल बाहेर पडत नाही, आणि सही करण्याची तिला घाई नसते. ती म्हणाली, "पप्पा, टेस्ट घेऊ. सरळ रस्त्यावर दोन्ही हात सोडायचे. ट्रक सरळ गेला तर मी ट्रकमधून. नाही गेला तर मामाची गाडी. मधलं काही नाही."

साडू कबूल झाला. मुलीच्या कडकपणाचा त्याला अभिमान होता, आणि आता तो त्याच्याच मुळावर आला होता.

इथं थोडं शास्त्र सांगायला हवं, कारण पुढचे काही आठवडे आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. चाकांच्या अलाइनमेंटमध्ये तीन गोष्टी बघतात. एक, चाकं पायांच्या चवड्यांसारखी आत वळलीत की बाहेर फाकलीत. याला टो म्हणतात. दोन, चाक उभं आहे की पेंगणाऱ्या माणसासारखं एका अंगाला कललंय, हा कॅम्बर. आणि तीन, चाक ज्यावर वळतं तो आस किती मागं रेललाय, हा कॅस्टर. तिसरी गोष्ट साडूला मी तीनदा समजावली आणि चौथ्यांदा त्यानं मला समजावली, तेव्हा ती मला कळली.

द्राक्षबागायतदाराचा पहिला इलाज दोरी. बागेतले खांब तो दोरीनं ओळीत आणतो, तारा दोरीनं बघतो, आणि दोरी खोटं बोलत नाही यावर त्याची देवावर नसेल एवढी श्रद्धा आहे. त्यानं ट्रकच्या दोन्ही अंगांना जमिनीत खुंट ठोकून दोऱ्या ताणल्या आणि मागच्या चाकांच्या रेषेत पुढची चाकं आणली. त्याला त्यासाठी एक अख्खा दिवस लागला. शेवटी चाकं अशी ओळीत उभी राहिली की पाहून समाधान वाटावं. ट्रक सुरू केला, शेडबाहेर काढला, हात सोडले. ट्रक डावीकडे गेला, पण आता ओळीत.

मग आम्ही दिंडोरी रोडवरच्या एका अलाइनमेंट सेंटरला गेलो. तिथल्या शेठनं नुकतंच लेझरचं मशीन घेतलं होतं. मशीनवर झेंडूची माळ होती, कुंकवाचं बोट होतं आणि शेजारी उद्घाटनाचा फोटो होता. त्यात मशीनपेक्षा माणसं जास्त होती. शेठ मशीनशी बोलताना आवाज खाली आणायचा, जसा देवळात आणतात. त्यानं चारही चाकांना आरशासारख्या चकत्या लावल्या आणि पडद्यावर गाडीचा प्रकार निवडायला गेला. यादीत हजारो गाड्या होत्या. साडूचा ट्रक नव्हता.

"कोणत्या सालची?" शेठनं विचारलं.

"वडिलांच्या," साडू म्हणाला.

शेठनं बराच वेळ यादी वरखाली केली आणि शेवटी एका चकचकीत शहरी गाडीवर बोट ठेवलं. "ह्याचं सस्पेन्शन सेम टाइप आहे. मशीनला हीच गाडी आहे म्हणून सांगू."

"मशीनला खोटं सांगायचं?" मी म्हणालो.

"सर, मशीनला काय फरक पडतो? त्याला आकडे पाहिजेत."

हे विधान मला पुढं बऱ्याच सभांमध्ये आठवलं.

शेठची माणसं गाडीखाली गेली, नट फिरले, पडद्यावरचे लाल चौकोन एकेक करून हिरवे झाले. रस्त्यावर साडूनं हात सोडले आणि ट्रक सरळ गेला. मी शेजारी होतो, तरी सरळ गेला. साडूनं परत येताना बोलायला सुरुवात केली. मला काही ऐकू येत नव्हतं. मी हो म्हणत होतो.

हा आनंद मामानं संपवला, तोही काही न करता, निव्वळ बसून. बातमी ऐकून तो बागेवर आला, म्हणाला, "चला दाजी, चक्कर मारू," आणि डाव्या दारानं आत चढला. मामाचं शरीर हे त्याच्या सार्वजनिक जीवनाचं फळ आहे. वास्तुशांत, बारसं, दहावा, कुठंही तो जेवल्याशिवाय उठत नाही, कारण लोकांना वाईट वाटतं. तो बसला तसा ट्रक डाव्या खांद्यानं खाली गेला, आणि साडूनं हात सोडताच रस्ता सोडून सरळ पाटात उतरला.

"दाजी," मामा दार उघडायचा प्रयत्न करत म्हणाला, "ह्यापेक्षा माझी गाडी बरी."

आम्ही पुन्हा शेठकडे. शेठनं खाली वाकून बघितलं, डावी बाजू दोघांकडून दाबून घेतली आणि उठून हात पुसले. "स्प्रिंगा नरम आहेत. आणि स्टिअरिंगचा रॉड न् हे आर्म एका उंचीवर नाय बसवलेले. वजन पडलं की गाडी बसते, गाडी बसली की चाक तोंड फिरवतं. खरं करायचं तर सगळं कापून परत वेल्डिंग."

"लग्न तोंडावर आलंय," साडू म्हणाला.

"मग एकच मार्ग. ज्या वजनानं गाडी चालणार, ते वजन आत बसवून अलाइनमेंट करायची. माणसं तीच, जागा त्याच. रेसिंगवाले पण असंच करतात."

लग्नाच्या दिवशी केबिनमध्ये कोण असणार हे रिवाजानंच ठरलेलं होतं. स्टिअरिंगवर बाप, मध्ये नवरी, डाव्या दाराशी मामा. मामानं नवरी आणायची असते. त्याला मागं टाकून आणली तर तो जन्मभर बोलणार नाही, आणि बोलणार नाही हे सगळ्यांना सांगत फिरेल. तेव्हा मामा आत असणार हे नक्की. अर्थात मशीनवरही तोच हवा.

मी सुचवलं, मामाऐवजी खताच्या गोण्या ठेवू. सूचना चांगली होती, पण त्यासाठी मामाचं वजन माहीत असायला हवं, आणि ते कुणालाच माहीत नव्हतं. फलकांवरचा त्याचा फोटो तरुणपणीचा आहे. त्यात तो गोणी-दीड गोणीचा दिसतो. माझ्या बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, "माझ्या भावाची हाडं जाड आहेत." मेहुणी म्हणाली, "तो काही खातच नाय." दोन बहिणींच्या साक्षी घेऊन आम्ही जिथं होतो तिथंच राहिलो.

"सरळ सांगू त्याला," साडू म्हणाला.

"काय सांगणार? भावी सभापती, या, गोणीच्या जागी बसा?"

साडू विचारात पडला. आणि मग, मला हे लिहितानाही कौतुक वाटतं, त्या अबोल माणसाच्या डोक्यातून ती कल्पना निघाली. "साडूभाऊ," तो म्हणाला, "आपण त्याचा सत्कार करू."

आमच्याकडे सत्काराला कुणी कारण विचारत नाही. शाल, श्रीफळ आणि फोटो काढणारा एक माणूस असला की सत्कार होतो. कारण नंतर निवेदक सांगतो. आम्ही मामाला फोन लावला. सेंटरच्या शेठची फार इच्छा आहे, एवढंच सांगितलं. 'जुन्या वाहनांच्या जतनाला दिलेल्या पाठिंब्याबद्दल' असं कारण मी जागच्या जागी बनवलं.

"पाठिंबा तर माझा आहेच," मामा म्हणाला. "किती वाजता?"

नवरीला मात्र आम्ही खरं सांगितलं. तिलाही केबिनमध्ये मधोमध बसायचं होतं. ती कारखान्यातून परस्पर आली, गळ्यात ओळखपत्र तसंच, आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, हे फार वाईट आहे."

"तुझ्या पप्पांची कल्पना."

तिनं ट्रककडे पाहिलं. साडू पांढऱ्या टोपीत, घरून आणलेल्या फडक्यानं स्टिअरिंग पुसत होता. "बरं," ती म्हणाली. "पण मामा हलला तर रीडिंग घेऊ नका म्हणावं."

मामा आला तो कार्यकर्त्यांसह. त्यांना पाहून शेठचे डोळे चमकले. मशीनसोबत आणखी एका फोटोची सोय झाली होती. मामानं विचारलं, "स्टेज कुठंय?" शेठनं रॅम्पवर चढवलेल्या ट्रककडे हात केला. "साहेब, स्टेज हेच. वाहनप्रेमीचा सत्कार वाहनातच." हे वाक्य त्याला आयत्या वेळी सुचलं होतं, आणि त्याबद्दल मी त्याला मानतो.

साडू आणि नवरी आधीच आत बसून होते. मामा डाव्या दारानं चढला. ट्रक खाली गेला. पडद्यावरचे हिरवे चौकोन लालभडक झाले.

"हे लाल कशानं?" मामानं खिडकीतून विचारलं.

"स्वागत आहे, साहेब," शेठ म्हणाला.

साडूनं स्टिअरिंगमागून वाकून, मुलीच्या पुढ्यातून हात घालून मामाच्या खांद्यावर शाल टाकली. मी खिडकीतून नारळ दिला. मामानं तो मांडीवर घेतला. मी भाषण करावं असं ठरलं होतं, आणि गाडीखालची माणसं हात वर करेपर्यंत ते संपवायचं नाही असंही ठरलं होतं. मी आयुष्यभर सत्कारांची भाषणं ऐकत आलोय आणि त्यांची मनातल्या मनात टर उडवत आलोय. त्या दिवशी कळलं की ती करायला किती सोपी असतात. चाकाच्या शोधापासून निघालो, गोदावरीच्या काठानं फिरलो, दोनदा समाजाचं ऋण काढलं. कार्यकर्ते टाळ्या वाजवत होते. गाडीखालून पान्याचा आवाज येत होता.

पंचाईत झाली ती मामाला भरून आल्यामुळे. तो उत्तर द्यायला उठू लागला. केबिनमध्ये उठता येत नाही, पण त्यानं प्रयत्न केला.

"साहेब, हलू नका!" शेठ ओरडला.

मामाला वाटलं फोटो निघतोय. तो हनुवटी वर करून गोठला. फोटोसाठी म्हणून कार्यकर्तेही धावले आणि पायऱ्यांवर, बंपरवर, मागच्या हौद्यात, जागा मिळेल तिथं चढले. पडद्यावरचे आकडे वेड्यासारखे पळू लागले. खालून कुणीतरी माणसाचा म्हणून ओळखू येणार नाही असा आवाज काढला.

"उतरा सगळे!" साडू गरजला. मी त्याला एवढ्या मोठ्यानं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "सत्कार एकाचाच हाय!"

कार्यकर्ते उतरले. मामाला हे फार आवडलं. तो तसाच निश्चल बसून राहिला, शाल, नारळ आणि हनुवटी सांभाळत, आणि मी नाशिकच्या द्राक्षांचं जागतिक महत्त्व सांगत राहिलो. एकेक चौकोन हिरवा होत गेला.

तिथूनच आम्ही रस्त्यावर गेलो. केबिनमध्ये तिघं, मागं हौद्यात मी एकटा, केबिनच्या मागच्या उघड्या खिडकीला धरून. मोकळा पट्टा आल्यावर साडूनं दोन्ही हात वर केले, अगदी देवळातल्यासारखे. ट्रक डांबरावरच्या पांढऱ्या रेघेला चिकटून चालला. नवरीनं बराच वेळ, साडूला वाटलं असेल त्याहून बराच जास्त वेळ, पुढं बघितलं आणि म्हणाली, "पास."

मामा म्हणाला, "काय पास?"

"ट्रक, मामा."

"होणारच. आपला पाठिंबा आहे."

लग्नाच्या दिवशी सकाळी बागेवर सगळं वेळेवर होतं. ट्रक धुतलेला, नाकावर झेंडूच्या माळा. मेहुणीचं रडून झालेलं, मुलगी सजलेली, साडू फेट्यात आणि कधी नव्हे तो इस्त्रीच्या कपड्यांत. मामा आला. त्याचा फेटा साडूच्या फेट्याहून उंच होता आणि त्याचा तुरा फेट्याहून उंच. साडूनं अदबीनं डावं दार उघडून धरलं.

मामानं केबिनमध्ये पाहिलं. मग हौद्याकडे पाहिलं. मग रस्त्याकडे, जिकडे चौकाचौकांत त्याचे फलक होते.

"दाजी," तो म्हणाला, "आत बसलो तर दिसणार कुणाला?"

आम्ही सगळे बोलू लागलो. रिवाज, ऊन, धूळ, फेटा उडेल, मानाची जागा केबिनमध्येच असते, काय काय सांगितलं. खरं कारण सोडून सगळं. खरं सांगितलं असतं तर सत्कार उघडा पडला असता, आणि त्या सत्काराचा फोटो एव्हाना मोठा करून लॉन्सच्या फाटकाशी लागला होता. मामा कार्यकर्त्यांच्या खांद्यांवर हात टाकून हौद्यात चढला, उजव्या कोपऱ्यात पाय रोवून उभा राहिला, कारण समोरून येणारी गर्दी त्या बाजूनं जाणार होती. त्याच्यामागं दोघं-तिघं चढले. ट्रकनं मागं, उजवीकडे बूड टेकलं आणि नाक वर उचललं.

साडूनं माझ्याकडे पाहिलं. लग्नघरात त्या क्षणी काय झालंय ते फक्त आम्हा तिघांना कळलं होतं, त्याला, मला आणि नवरीला. मागं मामाची पांढरी गाडी रिकामी उभी होती, ड्रायव्हर एसी लावून वाट बघत होता. नवरीनं त्या गाडीकडे एकदा पाहिलं.

"काका, चला," ती म्हणाली आणि शालू सावरत ट्रकमध्ये चढली. मामाची जागा मला मिळाली.

फाटकाबाहेर पडताच ट्रक उजवीकडे ओढू लागला. समोरून वाहनं येत होती. साडूनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग डावीकडे दाबून धरलं होतं.

"काका, तुमचं वजन किती?" नवरीनं पुढं बघतच विचारलं.

मी सांगितलं.

"पुरत नाही. पप्पा, थांबा जरा."

साडूनं ट्रक थांबवला. तिनं खिडकीतून डोकं काढून मागून येणाऱ्या टेम्पोला हात केला. टेम्पोत रुखवत होतं. जावयाच्या घरी जाणारं तांब्याचं घंगाळ, पितळेचा मोठा बंब आणि आईनं भरलेली डाळींची पोती. तिनं बोटानं दाखवलं, हे, हे आणि ते. बंब माझ्या मांडीवर आला, घंगाळ पायांवर, पोतं मी आणि दार यांच्यामध्ये. मग ती स्वतः, शालू, दागिने आणि मुंडावळ्यांसकट, माझ्या अंगावर सरकली.

"अजून सरका, काका."

"आता दाराबाहेर."

"मग श्वास घेऊ नका फार."

मागून मामानं केबिनच्या पत्र्यावर थाप मारली. "काय झालं? चौक येतोय पुढं!"

ट्रक निघाला. आता ओढ कमी होती, गेली नव्हती. साडू उजव्या मनगटानं हळूच स्टिअरिंग धरून ठेवत होता, तिला दिसू नये अशा बेतानं. तिला दिसत होतं. मला तिचे डोळे बंबाच्या पितळेत दिसत होते, त्या मनगटावर लागलेले. मोकळा पट्टा आला. साडूनं घसा खाकरला.

"बघ हां," तो म्हणाला. "हात सोडतो."

"नको, पप्पा."

"अगं बघ तरी."

"फेटा सरकलाय तुमचा. गाडी चालवा. आणि काहीतरी बोला."

"काय बोलू?"

"काहीही. नाहीतरी ऐकू येत नाही."

आणि साडू बोलू लागला. मला बंबाच्या आड एक शब्द कळला नाही. नवरी मात्र पुढं बघत, ठरावीक अंतरानं मान हलवत राहिली. मागं मामा दोन्ही हात उंचावून रिकाम्या शेतांना नमस्कार करत होता.

लॉन्सच्या फाटकाशी बँड लागला. मला उतरवायला तिघं जण लागले, कारण पायांना मुंग्या आल्या होत्या आणि घंगाळ कुणाच्यानं निघत नव्हतं. नवऱ्या मुलाचे वडील पुढं झाले. आयुष्य रुळांवर गेलेला माणूस. कुठलीही गाडी दिसली की तो आधी चाकं बघतो. त्यांनी पुढच्या चाकांकडे वाकून पाहिलं, मग फेटा सरळ करत सहज विचारलं, "काय व्याही, सरळ चालली का गाडी?"

साडूनं तोंड उघडलं. त्याला खोटं येत नाही, आणि खरं सांगायचं ते ठिकाण नव्हतं.

"एकदम सरळ," नवरी म्हणाली. "एवढ्या वर्षांत मी अशी सरळ गाडी बघितली नाही."

सासऱ्यांनी समाधानानं मान डोलावली. मामा हौद्यातून म्हणाला, "पाठिंबा हाय ना," आणि उतरायला हात मागू लागला. साडू ट्रकच्या नाकाशी गेला आणि झेंडूच्या माळा नीट करत, पाठमोरा, बराच वेळ उभा राहिला. आत मुहूर्ताची घाई चालली होती. शेवटी मुलगीच परत आली आणि त्याच्या बाहीला धरून त्याला घेऊन गेली.